मस्टँगला पुढे डिस्क ब्रेक: ड्रम काढण्याआधी पेडलचा विचार करा

१९६४ ते ६६ च्या फोर्ड मस्टँगला पुढे डिस्क बसवायचे ठरले की आधी चर्चा होते ती डिस्कच्या व्यासाची आणि कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीत) पिस्टन किती त्याची. चाकाकडचे काम शनिवारी दुपारपर्यंत आटोपतेही. मग पेडल दाबले की ते स्पंजासारखे खाली जाते, किंवा दहा मैलांत पुढची चाके तापून धरतात, आणि गाडी महिनाभर स्टँडवर राहते. याचे कारण जवळजवळ नेहमी बॉनेटखाली सापडते: मास्टर सिलिंडर (पायाच्या जोराने तेलाला दाब देणारा), त्यातला व्हॉल्व्ह, पुशरॉड (पेडलकडून त्याला ढकलणारा दांडा) आणि पाइपांची जोडणी. म्हणून इथे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

मूळ ड्रम ब्रेकची रचना अशी की फिरता ड्रम एका शूला (आतून ड्रमवर घासणाऱ्या पट्टीला) आपल्याबरोबर ओढतो, तो शू दुसऱ्याला ढकलतो आणि पायाने दिलेला जोर आतल्या आत वाढतो. त्यामुळे कमी दाबावरही ड्रम चांगला धरतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. पॅड जेवढ्या जोराने दाबाल तेवढेच काम होते, म्हणून तेलाचा दाब कितीतरी जास्त लागतो. बदल्यात मिळते ते असे: घाटात सलग ब्रेक लावले की ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, तसे डिस्कचे होत नाही, पाण्यातून गेल्यावर ती लगेच कोरडी होते आणि गाडी एका बाजूला ओढत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या वर्षांच्या मस्टँगला एकेरी मास्टर सिलिंडर असायचा. एक पाइप किंवा एक व्हील सिलिंडर (ड्रममध्ये शू ढकलणारा) फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी मास्टर १९६७ च्या मॉडेलपासून आला. सुरक्षिततेच्या हिशेबाने या कामातला सगळ्यात मोठा फायदा आमच्या मते दुहेरी मास्टरचा आहे, डिस्कचा नंबर त्यानंतर. पैसे कमी असतील तर आधी तेवढेच करा, डिस्क पुढच्या वर्षी.

आपली गाडी कोणती

चाकाचे स्टड मोजा. व्ही-८ गाडीला पाच स्टड, ४½ इंच म्हणजे ११४.३ मिमी वर्तुळावर, आणि दहा इंची ड्रम. सहा सिलिंडरवाल्या गाडीला चार स्टड आणि नऊ इंची ड्रम. इंजिन बघून ठरवू नका, साठ वर्षांत ते बदललेले असू शकते. चार स्टडच्या गाडीचे स्पिंडल (ज्यावर चाक फिरते तो आस) आणि टाय रॉडही (स्टिअरिंगचे दांडे) हलके असतात. तिला पुढे पाच स्टडचे किट घातले तर मागचा अ‍ॅक्सल चारचाच राहतो आणि स्टेपनी एकाच टोकाला चालते. अशा गाडीला चार स्टडचेच किट घ्या, नाहीतर पुढचे-मागचे सगळे बदलायची तयारी ठेवा.

सामान निवडायचे तीन मार्ग आहेत. पहिला, १९६५ मध्ये फोर्डने जास्तीचे पैसे घेऊन दिलेला केल्सी-हेजचा चार पिस्टनचा, जागेवर घट्ट बसणारा कॅलिपर. त्याच्या नव्याने बनवलेल्या प्रती मिळतात. दिसायला अस्सल, पण किंमत जास्त, आणि स्पिंडलही त्याचेच लागते. दुसरा, १९७५ ते ८० च्या फोर्ड ग्रॅनाडा किंवा मर्क्युरी मोनार्कचे स्पिंडल भंगारातून आणणे. एके काळी हा स्वस्त आणि मस्त उपाय होता. आज ते भाग स्वतःच म्हातारे झाले आहेत, टाय रॉडची टोके जुळवावी लागतात, आणि खड्ड्यात चाक वर-खाली झाले की स्टिअरिंग हलते ही तक्रार त्यांच्या वाट्याला आलेली आहे. तिसरा मार्ग म्हणजे मूळ ड्रम स्पिंडलवर ब्रॅकेट लावून एक पिस्टनचा सरकता कॅलिपर बसवणारे किट. रोजच्या रस्त्यासाठी आणि घरच्या गॅरेजसाठी हाच घ्या. बॉल जॉइंट सोडावे लागत नाहीत, पॅड कुठेही मिळतात, आणि मन बदलले तर ड्रम परत लावता येतात.

किटमध्ये मोजून घ्यायचे सामान: हबसह डिस्क दोन, आतले बेअरिंग दोन, बाहेरचे दोन, ग्रीस सील दोन, कॅलिपर दोन, पॅड चार, ब्रॅकेट दोन, लवचीक होज दोन आणि तांब्याचे वॉशर चार. याशिवाय दुहेरी मास्टर सिलिंडर, मागच्या लाइनसाठी कमी-जास्त करता येणारा प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा), ३/१६ इंची पाइपची २५ फुटी गुंडाळी, त्याचे ३/८-२४ आट्यांचे नट दहा-बारा, त्याच आट्यांचा एक बंद प्लग, नवीन स्प्लिट पिना आणि दोन लिटर ब्रेक ऑइल. पाइप स्टीलचा किंवा तांबे-निकेलचा घ्या. तांबे-निकेल हाताने वाकतो आणि गंजत नाही. निव्वळ तांब्याचा पाइप आणि रिंग दाबून बसणारे जोड ब्रेकमध्ये चालत नाहीत. पाने इंचीच लागतील. पाइपाच्या नटांसाठी खाचेचा फ्लेअर पाना विकत घ्या, साध्या पान्याने कोपरे गोल होतात आणि मग पाइप कापावा लागतो.

मास्टर सिलिंडर: इथेच काम बनते किंवा बिघडते

व्यास किती हवा ते हिशेबाने ठरते. एक पिस्टनच्या कॅलिपरमध्ये पिस्टन साधारण २.६ इंची, म्हणजे ६६ मिमी असतो. त्याचे क्षेत्रफळ ३४.२ चौ. सेंमी, दोन चाकांचे मिळून ६८.४. समजा काही कारणाने पॅड डिस्कपासून पाव मिलिमीटर मागे गेले. ते परत टेकवायला १.७ घन सेंमी तेल लागेल. एक इंची मास्टरचे क्षेत्रफळ ५.०७ चौ. सेंमी, म्हणजे त्याचा पिस्टन ३.४ मिमी सरकावा लागेल. पेडलची तरफ सहास एक धरली तर पाय वीस मिमी खाली गेला, आणि अजून ब्रेक लागायला सुरुवातही झालेली नाही. बेअरिंग ढिले असणे किंवा डिस्क वाकडी फिरणे पायाला कसे जाणवते, ते या आकड्यात दिसते.

एक इंचाऐवजी १५/१६ इंची मास्टर घेतला तर तेवढ्याच जोरात दाब सुमारे १४ टक्के वाढतो, पण पेडलही तेवढेच जास्त खाली जाते. ७/८ इंचीने दाब ३१ टक्के वाढतो. बूस्टर (इंजिनच्या ओढीने पायाला मदत करणारा) नसलेल्या मस्टँगला १५/१६ इंची बहुधा बरोबर बसतो. पाय हलका असेल आणि पेडलचा प्रवास चालत असेल तर ७/८ कडे जा. एक इंचीवर गाडी थांबते, पण पोटरी भरून येते. ‘मोठा मास्टर म्हणजे जोरदार ब्रेक’ हा समज उलटा आहे.

बूस्टर लावायचा असेल तर तीन गोष्टी बघा. बूस्टरच्या गाडीला पेडलची तरफ कमी, चारास एकच्या आसपास लागते. मूळ पेडल तसेच ठेवले तर ब्रेक फार चटकन लागतात. इंजिनची ओढ (व्हॅक्युम) आयडलला निदान १६ ते १८ इंच पारा हवी, ताकद वाढवणारा कॅमशाफ्ट टाकलेल्या इंजिनला ती मिळत नाही. आणि हाताने गिअर बदलायची गाडी असेल तर क्लचची जोडणी आणि बूस्टरचे ब्रॅकेट एकमेकांच्या वाटेत येतात, तेव्हा किट त्याच गिअरबॉक्ससाठीचे आहे ना ते विचारून घ्या. एवढ्या हलक्या गाडीला बूस्टरशिवाय उत्तम चालते.

मास्टरच्या पिस्टनला मागून जे भोक असते ते दोन प्रकारचे येते. बूस्टरशिवायच्या गाडीला खोल भोकाचा मास्टर लागतो, म्हणजे पुशरॉड आत धरून राहतो. बूस्टरसाठीचे भोक उथळ असते. उथळ भोकाचा मास्टर साध्या पेडलला लावला तर रॉड निसटू शकतो, आणि मग पेडल कशालाच जोडलेले राहत नाही. खोक्यावरच्या नंबरावर विसंबू नका, पेन्सिल घालून खोली बघा.

ड्रमसाठीच्या मास्टरच्या तोंडाशी आत एक छोटा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (पाउंड प्रति चौ. इंच) दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या वाट्या पसरलेल्या राहतात. ड्रमला तो दाब शूच्या स्प्रिंगा पेलतात. डिस्कला मागे ओढणारी स्प्रिंगच नाही, त्यामुळे पॅड सतत घासत राहतात. म्हणून पुढच्या तोंडात हा व्हॉल्व्ह नको आणि मागच्या ड्रमच्या लाइनमध्ये मात्र हवा. तपासायला तोंडातून बारीक बोथट तार घाला: रबराचा अडसर लागला तर व्हॉल्व्ह आहे. बाजारात डिस्कसाठी २ पीएसआयचा व्हॉल्व्हही मिळतो, पण तो मास्टर कॅलिपरच्या खाली असणाऱ्या गाड्यांसाठी. मस्टँगचा मास्टर फायरवॉलवर उंच आहे, इथे त्याची गरज नाही.

दुहेरी मास्टरचे मोठे भांडे पुढच्या डिस्ककडे द्या, कारण पॅड झिजतात तसतसे जास्त तेल कॅलिपरमध्ये जाऊन राहते. कोणते तोंड कुठल्या भांड्याचे ते मास्टरच्या कागदावर बघा. तोंडांचे आटे बहुतेक वेळा ३/८-२४ पेक्षा मोठे असतात, अ‍ॅडॉप्टर आधीच मागवा.

पाइपांची जोडणी

मूळ गाडीत मास्टरमधून एक पाइप निघून पितळी ठोकळ्यात जातो आणि तिथून तीन फाटे फुटतात: पुढचा डावा, पुढचा उजवा आणि मागचा. नव्या जोडणीत हा ठोकळा फक्त पुढच्यासाठी ठेवा. मागचा फाटा काढा आणि त्या भोकात ३/८-२४ चा प्लग घट्ट बसवा. मास्टरच्या दुसऱ्या तोंडातून नवा पाइप प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्हमध्ये, आणि तिथून जोड लावून मूळ मागच्या पाइपाला. किटबरोबर डिस्क-ड्रमचा तयार कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह आला असेल तर त्यात हे काम आधीच आहे; त्याच्यापुढे आणखी एक प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावू नका.

पाइपाची टोके ४५ अंशांची दुहेरी फ्लेअर (पसरवून दुमडलेली कड). नट आधी पाइपात घाला आणि मग फ्लेअर पाडा. हे वाक्य हसण्यासारखे आहे, पण प्रत्येक कामात एकदा तरी उपयोगी पडते. कापलेले टोक कानशीने सपाट करून आतली कड काढा, नाहीतर फ्लेअर तिरकी बसते आणि कितीही पिळले तरी ओल येते.

सुरुवातीच्या काही गाड्यांत ब्रेक लाइटचे बटण जुन्या मास्टरवरच, तेलाच्या दाबावर चालणारे होते. नव्या मास्टरला ती जागा नसते. तेव्हा पेडलवर बसणारे यांत्रिक बटण आधीच आणून ठेवा.

ड्रम काढणे

पुढची बाजू उचलून गाडी सपाट जमिनीवर जॅक स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना ओट लावा. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅसबेस्टॉस असू शकते. हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

ग्रीस कॅप, स्प्लिट पिन, खाचेची टोपी, स्पिंडल नट, वॉशर, बाहेरचे बेअरिंग या क्रमाने काढा. ड्रम अडला तर मागच्या फटीतून शूचा अ‍ॅडजस्टर सैल करा. ब्रेकचा जुना होज सोडून लगेच पाइपाला टोपी लावा. मग बॅकिंग प्लेटचे बोल्ट काढले की शूसकट अख्खी प्लेट हातात येते. सुटी करू नका, तशीच गुंडाळून ठेवा.

स्पिंडल बदलायचे असेल तर एक धोका आहे आणि तो या गाडीचा खास आहे. मस्टँगची कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर नसून वरच्या आर्मवर बसते. वरचा बॉल जॉइंट सोडला की स्प्रिंग त्या आर्मला जोरात खाली ढकलते. म्हणून गाडी चाकांवर उभी असतानाच वरचा आर्म आणि खालची फ्रेम यांच्यामध्ये पक्क्या लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा आणि मगच गाडी उचला. बॉल जॉइंटचा नट दोन आटे सैल करून तसाच ठेवा, काढणीने जॉइंट सोडवा. फाट्याची काढणी वापरली तर रबरी बूट फाटणारच. बसवताना बॉल जॉइंटचे नट ६० ते ९० फूट-पाउंडला आवळा, नवीन स्प्लिट पिन घाला. स्पिंडल बदलले म्हणजे अलाइनमेंट नव्याने करणे आले.

ब्रॅकेट, बेअरिंग आणि डिस्क

स्पिंडलचा सपाट भाग वायर ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाचा किंवा रंगाचा पापुद्रा राहिला तर ब्रॅकेट तिरके बसते आणि पॅड पाचरीसारखे झिजतात. बोल्टना थ्रेड लॉक लावा आणि किटवाल्याने दिलेला टॉर्क द्या. त्याने आकडा दिलाच नसेल तर ते किट परत करा.

नव्या डिस्कवरचे तेल क्लीनरने पुसा. बेअरिंग जास्त तापमानाच्या ग्रीसने हातावर दाबून भरा, नुसते बाहेरून चोपडू नका. स्पिंडल नट आवळायची फोर्डची पद्धत: डिस्क हाताने फिरवत १७ ते २५ फूट-पाउंडला आवळा, अर्धा फेरा मागे घ्या, मग फक्त १० ते १५ इंच-पाउंड. शेवटचे एकक पुन्हा वाचा. इंच-पाउंड म्हणजे बोटांनी आवळल्याइतके. नंतर खाचेची टोपी आणि नवीन पिन.

आता डायल गेज लावून डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ डोल मोजा. ०.१ मिमीपेक्षा जास्त असेल आणि डिस्क हबपासून सुटी होत असेल तर दोघांमधली घाण बघा, डिस्क एक स्टड फिरवून लावा, तरीही राहिला तर डिस्क बदलून घ्या. हा डोल पॅडना दर फेऱ्याला मागे ढकलतो, आणि वर केलेला पाव मिलिमीटरचा हिशेब इथे लागू होतो.

कॅलिपर बसवताना ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) सगळ्यात वर आला पाहिजे. तो खाली किंवा मध्यावर दिसत असेल तर डावा-उजवा अदलाबदल झाला आहे. तसा ठेवून कितीही तेल घातले तरी वरची हवा निघणार नाही. होजच्या बँजो बोल्टला (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना तांब्याचा नवा वॉशर. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा, आर्म जॅकने वर-खाली करा, आणि होज कुठे ताणतो, पिळतो किंवा टायरला घासतो का ते बघा.

चाक टायरशिवाय लावून बघणे उत्तम. ड्रमसाठीची १४ इंची स्टीलची रिम पुष्कळदा कॅलिपरला लागते. तेव्हा डिस्कसाठीची १४ इंची किंवा १५ इंची रिम घ्यावी लागते. सगळीकडे निदान ३ मिमी जागा हवी, आतल्या बाजूला बॅलन्सचे वजन लागणार असेल तर जास्त. काही किट चाक थोडे बाहेर ढकलतात, म्हणून पूर्ण वळवून मडगार्डची कडही तपासा. नट ७० ते ११५ फूट-पाउंड.

तेल आणि हवा

मास्टर गाडीला लावण्याआधी शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून त्याची हवा काढा: दोन्ही तोंडांतून नळ्या परत भांड्यात, आणि पिस्टन सावकाश दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. लावल्यावर पुशरॉडला साधारण १.५ मिमी मोकळीक ठेवा. ती नसेल तर आतले परतीचे भोक झाकले जाते, तेल तापून फुगते आणि ब्रेक आपोआप लागत जातात.

डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा; डॉट ५ हे सिलिकॉन आहे, यांच्यात मिसळू नका. क्रम: मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने ब्लीडर उघडायचा आणि पेडल सोडण्याआधी बंद करायचा. ब्रेक ऑइल रंग खाते, फेंडरवर ओले फडके ठेवा.

पेडल अजून खोल जात असेल तर हवेच्या मागे लागण्याआधी मागचे ड्रम बघा. मागचे शू सैल असतील तर पुढे काहीही केले तरी पेडल खालीच जाणार, आणि दुसऱ्या दाबाला वर येणार. चाक फिरवताना शू किंचित घासेल इतके ते जवळ आणा.

पुढची चाके तापून धरत असतील तर कारण शोधायचा एक क्रम आहे. धरलेल्या अवस्थेत मास्टरचे फायरवॉलचे नट थोडे सैल करा. चाक सुटले तर पुशरॉड लांब आहे. नाही सुटले तर मास्टरजवळचा पाइपाचा नट सैल करा. आता सुटले तर पुढच्या तोंडात रेसिड्युअल व्हॉल्व्ह राहिला आहे. कॅलिपरचा ब्लीडर उघडल्यावरच सुटले तर होज आतून बुजला आहे किंवा पाइप चेपला आहे. ब्लीडर उघडूनही सुटत नसेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत.

रस्त्यावर

आधी गाडी उभी असताना पेडल जोरात मिनिटभर दाबून धरा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. मग मोकळ्या जागेत ताशी १० मैलांनी सुरुवात. नवे पॅड बसवायला ताशी ३० मैलांवरून ५ वर, मध्यम जोराने, दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट गाडी चालती ठेवून. शेवटी पूर्ण थांबून पेडल धरून ठेवू नका, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह मागचा दाब सगळ्यात कमी ठेवून सुरू करा. मोकळ्या, सरळ जागेत ताशी ३० मैलांवरून जोरात ब्रेक लावा आणि कोणती चाके आधी अडकतात ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. पुढची आधी अडकली पाहिजेत. दर वेळी थोडा थोडा दाब वाढवा. मागची पुढच्यांबरोबर अडकू लागली की अर्धा फेरा परत घ्या. मागची आधी अडकली तर गाडी गिरकी घेते, आणि ओल्या रस्त्यावर ते अधिक लवकर घडते. टायर बदलले की हे पुन्हा करावे लागते.

पद्मिनी किंवा चारही ड्रमच्या अ‍ॅम्बॅसिडरवर हे काम करणाऱ्यांनी मास्टर, रेसिड्युअल व्हॉल्व्ह आणि पुशरॉडचा भाग जसाच्या तसा घ्यावा. टॉर्कचे आणि मापांचे आकडे मात्र मस्टँगचे आहेत, ते तिथे वापरू नयेत.

पहिल्या शंभर मैलांनंतर चाकांचे नट, ब्रॅकेटचे बोल्ट आणि बेअरिंगची मोकळीक पुन्हा तपासा, भांड्यातले तेल बघा, आणि ठोकळ्यातल्या त्या प्लगवरून एकदा बोट फिरवा.